कूलर बंद करा, थेरपी सुरू आहे

मे २०२० मधली दुपार. नागपुरात पारा ४५ च्या पुढे, टाळेबंदी सुरू, आणि मानेवाड्याला माझ्या बहिणीच्या घरी खिडकीतला कूलर जिवाच्या आकांताने घरघरतोय. साडेतीन वर्षांचा भाचा फरशीवर बसलाय. समोर डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, मोबाइलमध्ये त्याच्या स्पीचच्या मॅडम, आणि मॅडमच्या मागे त्यांच्या स्वतःच्या घरातला ओटा. बहिणीने पाण्याचा पेला हातात धरलाय, पण देत नाहीये. भाचा पेल्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो आणि काहीतरी म्हणतो.

"ताई, कूलर बंद करता का दोन मिनिटं? तो 'पा' म्हणाला की 'बा', मला कळलंच नाही."

'पा' म्हणजे पाणी, 'बा' म्हणजे बाबा. कूलर बंद झाला. दोन मिनिटांत सगळ्यांना घाम फुटला, भाचा चिडला आणि पुन्हा बोलायला तयारच होईना. शेवटी बहीण म्हणाली, "पाणीच म्हणून राहिला मॅडम, मी ऐकलं ना." मॅडम क्षणभर थांबल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्या क्षणभर थांबण्याबद्दल हा लेख आहे. क्लिनिकमध्ये ती नोंद मॅडमनी स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय केली नसती. इथे त्यांना आईच्या कानांवर विसंबावं लागलं. विकासात मागे पडलेल्या मुलांची थेरपी मोबाइलवरून करावी की नाही, याबद्दल थेरपिस्टांमध्ये जी मतं आहेत, ती वरकरणी नेटवर्क, स्क्रीन आणि फी यांबद्दल दिसतात. खाली उतरून पाहिलं की प्रश्न एवढाच उरतो: आईचे कान आणि आईचे हात आपण किती खरे मानायचे?

आपल्याकडे बोलताना 'थेरपी' म्हटलं की सगळं एकात येतं, पण लोक वेगवेगळे असतात. फिजिओ बाळाची मान, पाठ, चालणं बघतो. ओटी, म्हणजे व्यवसायोपचार करणारी व्यक्ती, जेवणं, कपडे घालणं, हाताची पकड, आवाजाला आणि स्पर्शाला बुजणं हे बघते. स्पीचवाले बोलण्याबरोबर गिळण्याचंही बघतात, हे बऱ्याच पालकांना फार उशिरा कळतं. शिवाय विशेष शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ. यातल्या ओटीशी नागपूरचं नातं जुनं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. पुढे नागपूरच्या मेडिकललाही हे शिक्षण सुरू झालं आणि आजही चालू आहे. (इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, यांच्या या सासूबाई. मराठी वाचकाला हे नातं सांगितलं की ओटी एकदम परकं वाटेनासं होतं.)

तरी माणसं कमीच. आणि जी आहेत, ती धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक अशा चार-दोन ठिकाणी एकवटलेली. त्यांच्याकडे येणारी मुलं मात्र भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा-शिवनीहूनही येतात. गडचिरोली शहरच नागपूरपासून सुमारे १७० किलोमीटर, आणि सिरोंचा गडचिरोलीपासून पुढे आणखी सुमारे २००. आठवड्यातून दोनदा थेरपी लिहून देणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडावा. पहाटेची एसटी, गणेशपेठ स्टँडवर उतरून ऑटो, ४५ मिनिटांची थेरपी आणि रात्रीची परतीची गाडी. २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट लागतं हे खरं, पण बुडालेल्या रोजीला सवलत नाही. शिवाय सहा तास प्रवास करून आलेलं मूल क्लिनिकमध्ये झोपतं किंवा रडतं, आणि थेरपिस्ट फायलीवर लिहितो, 'असहकार'.

अशी मुलं किती, याचा अंदाज देणारा एक मोठा भारतीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची त्यात तपासणी झाली होती. त्यात उत्तर गोवाही होता. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी संबंधित सातपैकी एखादी तरी अडचण असण्याचं प्रमाण ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के निघालं. खालचा आकडा धरला तरी शंभरात तीन. सरकारला हे कळत नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच महाराष्ट्रात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ३० आजार-व्यंगं शोधायची, त्यात विकासातला उशीरही शोधायचा, असा तो कार्यक्रम. फिरती पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जातात आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शोधणारी माणसं गावापर्यंत पोहोचली, उपचार करणारी जिल्ह्याच्या ठिकाणी राहिली. मधलं अंतर फोन भरून काढेल, अशी आशा मूळची तिथली आहे. करोनाने ती फक्त घाईची केली.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि थेरपिस्टांनी फोन उचलला. तेव्हाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. ते नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होते. त्यांत फिजिओ-ओटी वगैरे मंडळी येतात ती 'आरोग्य कर्मचारी' या सदरात, नर्स आणि एएनएमच्या रांगेत: रुग्णाजवळ बसून त्याला फोनवरच्या डॉक्टरशी जोडून देणारं माणूस म्हणून. थेरपिस्ट स्वतः फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून उपचार करेल, ही कल्पनाच त्या कागदात नव्हती. सरकारची ई-संजीवनीही डॉक्टरांच्या ओपीडीभोवतीच उभी राहिली. मग प्रत्येक व्यवसायाने आपापली सोय केली. वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने त्याच वर्षी आपल्या सभासदांसाठी टेलिप्रॅक्टिसच्या सूचना काढल्या. बाहेर हे काही नवीन नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण संघटनेने २००५ मध्येच टेलिप्रॅक्टिस मान्य केली होती, आणि व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाने २०१४ मध्ये आपली भूमिका जाहीर केली होती. आपल्याकडे २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा स्वतंत्र कायदा आला, त्यात फिजिओ आणि ओटी आले. स्पीचवाले आणि विशेष शिक्षक १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषदेकडेच राहिले. म्हणजे एकाच मुलाची तीन माणसं दोन वेगळ्या छत्र्यांखाली. फोनवर काही चुकलं तर कुणी कुणाला विचारायचं, हे त्या मुलाच्या आईने कसं ठरवावं?

आता मतांकडे येऊ. सगळ्यात कडक विरोध फिजिओंचा असतो, आणि त्यामागे कारण आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा स्नायू किती ताठ आहे, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पाय हळू वाकवला तर वाकतो, झटक्यात वाकवला तर अडतो, आणि तो अडण्याचा क्षण बोटांना कळतो. व्हिडिओत दिसतो तो फक्त वाकलेला पाय. आई दाखवताना जोर लावते, मूल रडतं आणि फिजिओ पलीकडून 'नाही नाही, सोडा' म्हणून ओरडतो. नेटवर्क एक सेकंद मागे असेल तर ते 'सोडा' उशिराच पोहोचतं. याला जुनाट वृत्ती म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण ते चुकीचं होईल. ज्या मुलाचा मांडीचा सांधा निखळण्याच्या बेतात आहे, त्याला आईकडून फोनवर ताण द्यायला लावणं धोक्याचंच.

पण याच फिजिओंच्या शास्त्रात एक उलटं उदाहरण आहे, आणि मला ते फार आवडतं. तान्ह्या बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सी होईल का, हे ओळखण्याच्या ज्या खात्रीच्या पद्धती आहेत, त्यांतली एक ऑस्ट्रियातल्या हाइन्झ प्रेख्टल यांच्या परंपरेतली. बाळ पाठीवर निजलेलं, जागं, शांत; खेळणं नको, बोलणं नको, हात तर मुळीच लावायचा नाही. काही मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि शिकलेल्या नजरेने त्याची आपसूक हालचाल बघायची. तीन ते पाच महिन्यांच्या वयात निरोगी बाळाच्या सगळ्या अंगात एक बारीक, सतत, वळवळती हालचाल असते. ती नसेल तर सावध व्हायचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात या पद्धतीची संवेदनशीलता सुमारे ९८ टक्के दिली आहे. त्याच आढाव्यात सुचवलेली दुसरी एक तपासणी बाळाला हाताळून करायची असते, तिचा आकडा सुमारे ९०. ऑस्ट्रेलियात तर पालकांनीच मोबाइलवर असा व्हिडिओ काढून पाठवायचा, यासाठी अॅप बनवून अभ्यास झाला. म्हणजे 'हात लावल्याशिवाय काही कळत नाही' हे उपचाराच्या टेबलावर खरं, पण निदानाच्या दारात तसं नाही. तिथे मेळघाटातल्या आशाताईने काढलेला व्हिडिओ आणि नागपुरातली शिकलेली नजर ही जोडी चालू शकते. नजर शिकवलेली हवी, एवढीच अट, आणि ती मोठी आहे.

ओटीवाल्यांचं मत दुभंगलेलं सापडतं. ज्यांची सगळी मदार खोलीतल्या सामानावर असते, म्हणजे छताला टांगलेला झोपाळा, मोठा बॉल, बोल्स्टर, वाळूचा हौद, त्यांना फोन म्हणजे हात बांधल्यासारखं वाटतं. ज्यांनी रोजच्या जगण्यावर काम केलंय, त्यांना मात्र फोनने एक खिडकी उघडून दिली. क्लिनिकमध्ये मूल खुर्चीवर बसून चमच्याने खातं आणि घरी का खात नाही, हे वर्षभर न उलगडलेलं कोडं पहिल्या व्हिडिओत सुटतं. घरी सगळे जमिनीवर मांडी घालून जेवतात, या मुलाला मांडी घालून तोल सांभाळता येत नाही, एक हात टेकायला जातो, मग खाणार कशाने? पाठीला भिंत आणि बुडाखाली गोधडीची घडी दिली की अर्धा प्रश्न मिटतो. वाळूच्या हौदाऐवजी परातीत तांदूळ, वजनाच्या जॅकेटऐवजी आजीने अंगावर टाकलेली जाड वाकळ, झोपाळ्याऐवजी दोघांनी दोन टोकांना धरलेली चादर. हे काही क्रांतिकारक नाही. पण क्लिनिकमधलं सामान घरी नसतं, म्हणून तिथे शिकलेलं तिथेच राहायचं, ही तक्रार फार जुनी होती.

स्पीचवाले दोन्हींच्या मधे. उच्चार ऐकायला फोन वाईट, कूलरची गोष्ट सांगितलीच. गिळण्याची अडचण असलेल्या मुलाला फोनवर भरवायला सांगणं धोक्याचं, ठसका लागला तर पलीकडचं माणूस काय करणार? पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला बोलतं करणं हे मुळात घरातल्यांनी कसं बोलावं, किती थांबावं, मुलाला मागण्याची संधी कशी द्यावी, याचंच काम असतं. ते घरातच होतं. आणि भाषेचा मुद्दा वेगळाच. नागपुरातलं मूल आईशी नागपुरी मराठी, शेजारी हिंदी आणि टीव्हीशी तिसरंच काही बोलतं. धारणीहून आलेल्या मुलाची घरची भाषा कोरकू, एटापल्लीच्या मुलाची माडिया किंवा गोंडी. क्लिनिकमध्ये थेरपिस्ट चित्र दाखवून 'सफरचंद' विचारते आणि मूल गप्प बसतं. फोनवर आजी मागून काहीतरी म्हणते, मूल वळतं आणि हसतं. थेरपिस्टला शब्द कळत नाही, पण मूल ऐकतं, समजतं, दाद देतं, हे कळतं. एवढंही क्लिनिकमध्ये कळलं नव्हतं.

या सगळ्याला शास्त्राचा आधार काय? इथे दोन गोष्टी लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. थेरपिस्टने फोनवरून मुलाला थेट शिकवणं वेगळं, आणि थेरपिस्टने आईला शिकवणं, मग आईने मुलाबरोबर करणं वेगळं. दुसऱ्याला सध्या 'कोचिंग' म्हणतात. (आपल्याकडे या शब्दाने धरमपेठेतले बारावीचे क्लास आठवतात, त्याला इलाज नाही.) कॅनडातल्या शांताल कॅमडेन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अपंग मुलांच्या दूरपुनर्वसनाच्या चाचण्यांचा आढावा घेतला. ज्या उपक्रमांना यश मिळालं, त्यांत काही गोष्टी वारंवार सापडल्या: पालकांना हाताशी धरलेलं, कोचिंगची पद्धत, रोजच्या कामांवर किंवा वागण्यावर भर, आठवड्यातून किमान एकदा गाठ, आणि आठ आठवड्यांहून जास्त काळ. 'झूमवर मुलाला बसवा' हा कार्यक्रम त्या यादीत नाही.

आपल्या शेजारचाच पुरावा याहून बोलका आहे. गोव्यातल्या 'संगथ' संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर स्वमग्न मुलांसाठी एक चाचणी केली, ती २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आली. इंग्लंडमधल्या पद्धतीवर बेतलेलं काम, पण करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कर्मचारी होते. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ घ्यायचा, मग तोच आईला दाखवायचा: इथे बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही थांबलात, छान झालं. अशा १२ भेटी. आई मुलाच्या लयीत जास्त येऊ लागली आणि मूल आपणहून जास्त संवाद सुरू करू लागलं. मात्र दोघांचं एकाच गोष्टीवर लक्ष असण्याचा वेळ वाढायच्या ऐवजी घटला, हेही त्याच निबंधात नोंदवलंय. दूरथेरपीचे उत्साही लोक हा शेवटचा भाग सांगायचं विसरतात. हे काम समोरासमोर बसून केलेलं होतं, फोनवरून नव्हे, हेही. तरी मूळ शंका, की थेरपिस्टच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून काही होईल का, तिला त्यातून बरंचसं उत्तर मिळतं.

विदर्भाला तर हे उत्तर नवीन वाटायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. तेव्हाही प्रश्न हाच होता: इंजेक्शन, श्वासोच्छ्वास, जंतुसंसर्ग हे काम डॉक्टरशिवाय कसं होईल? २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. ज्या प्रदेशाने देशाला हे शिकवलं, तिथल्या थेरपी क्लिनिकच्या दारावर मात्र अजून 'पालकांनी बाहेर बसावे' अशी पाटी दिसते. आईला आत घेतलं तर मूल तिला चिकटतं आणि काम होत नाही, हे थेरपिस्टचं म्हणणं मला मान्य आहे. पण आई बाहेर बसली तर पुढच्या आठवड्यापर्यंतच्या १६७ तासांचं काय?

इथवर वाचून मी फोनचा वकील झालोय असं वाटेल. तसं नाही. आईला शिकवायचं म्हणजे आईवर टाकायचं, ही दुसरी बाजू थेरपिस्टांपैकी काहीजणी स्वतःच मांडतात, आणि ती मांडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. माझ्या बहिणीचा त्या उन्हाळ्यातला दिवस मी पाहिलाय. सासऱ्यांची औषधं, नवऱ्याचं घरून काम, मोठीची ऑनलाइन शाळा, आणि त्यात सकाळी ओटीच्या 'दोन ॲक्टिव्हिटी', दुपारी स्पीच, रात्री व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. घरात मोबाइल दोन. एका आठवड्यात व्हिडिओ गेला नाही, तर पलीकडून 'होम प्रोग्रॅम फॉलो करत नाही' असा शेरा. कुणाचा, हे सांगत नाही. शेरा चुकीचा नव्हता, फक्त त्यात 'कुणी करायचा' हे लिहिलेलं नव्हतं. बाबा कधी कॅमेऱ्यात आले, तर तेवढ्यापुरते, फोन धरायला.

फोन कुणाचा, हाही प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हेच ५७.१ टक्के. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका निम्म्याहून थोड्याच जास्त. म्हणजे थेरपीची वेळ मुलाच्या झोपेवर ठरत नाही, मुलाचा बाप घरी केव्हा येतो यावर ठरते. संध्याकाळी सात वाजता, मूल पेंगुळलेलं, बाप दमलेला, रिचार्ज संपत आलेला. त्यात एक चमत्कारिक विसंगती. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला, दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून जास्त नाही. याच मुलाच्या फायलीवर डॉक्टरांनी ठळक लिहिलेलं असतं, 'मोबाइल बंद'. आणि थेरपिस्ट म्हणते, मोबाइल उघडा. घरच्यांशी बोलण्यासाठीच्या व्हिडिओ कॉलला त्या सल्ल्यात सूट आहे, हे खरं. पण सासूबाईंना ते कोण सांगणार? त्यांनी दोन महिने भांडून मोबाइल काढून घेतलेला असतो, आणि आता तीच वस्तू डॉक्टरी कागदासह परत घरात येते.

फीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फोनवर काय केलं, बोललेच तर फक्त, असं पालकांना वाटतं, आणि खोली-सामान-मदतनीस यांचा खर्च नसला तरी तयारीचा वेळ वाढलाय असं थेरपिस्टला वाटतं. दोघांचंही बरोबर. जास्त गंभीर आहे ते व्हिडिओंचं. थेरपिस्टच्या खासगी मोबाइलच्या गॅलरीत, तिच्या भाचीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी, शेकडो मुलांचे रडतानाचे, नागडे, फिट येतानाचे व्हिडिओ पडलेले असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. व्हॉट्सअॅपवरचा 'ओके' हा अंगठा त्यात बसतो का, हे एकदा कुणीतरी तपासायला हवं.

मग फोन कशासाठी चांगला? माझं मत असं बनलंय की पहिली भेट फोनवर नको, दुसरी चालेल. पहिल्या भेटीत मुलाला हात लावावा, सांधे तपासावेत, कान तपासावेत (न ऐकणाऱ्या मुलाला महिनोन्‌महिने फोनवर 'बोल' म्हणत राहणं हा छळ आहे), आईशी समोरासमोर बोलावं. त्यानंतरच्या चारपैकी तीन गाठी फोनवर झाल्या तरी बिघडत नाही. पण सिरोंचा-धारणीसाठी हेही पुरेसं नाही, कारण तिथे आईच्या शेजारी कुणीतरी हवं. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून दूरच्या गावांतल्या मुलांसाठी काम करणारी 'रॉयल फार वेस्ट' ही संस्था आता शाळांमध्ये व्हिडिओवरून स्पीच आणि ओटी देते. तिथे मुलाजवळ शाळेतलं एक मोठं माणूस बसतं, त्याला ते काम नेमून दिलेलं असतं. आपल्याकडे तमिळनाडूत आयक्कुडीच्या 'अमर सेवा संगम'ने याचंच देशी रूप उभं केलं. गावातली प्रशिक्षित कार्यकर्ती टॅबलेट घेऊन घरी जाते, आईबरोबर काम करते, आणि अॅपमधून तिच्या कामावर तज्ज्ञांची नजर असते. फोन इथे आई आणि तज्ज्ञ यांच्यामध्ये नाही, कार्यकर्ती आणि तज्ज्ञ यांच्यामध्ये आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक, अंगणवाडीताई, आशाताई हे सगळं आपल्याकडे आहेच. त्यांच्यावर आधीच किती रजिस्टरं लादली आहेत, हेही आहे. आणखी एक अॅप दिलं आणि मानधन नाही दिलं, तर गाडी तिथेच अडेल.

करोना सरला तशी क्लिनिकं उघडली आणि बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कॅनडातले बालविकासाचे नामवंत डॉक्टर पीटर रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक लेख लिहिला होता, त्याच्या शीर्षकातच विनवणी होती की पुन्हा पूर्वीच्या 'नॉर्मल'कडे जाऊ नका. आपल्याकडे बरेचसे गेले. उरलं ते अर्धवट काहीतरी: क्लिनिक आठवड्यातून एकदा, मधे व्हॉट्सअॅप, आणि पाऊस जास्त झाला किंवा पेरणी सुरू झाली की तेवढ्यापुरता व्हिडिओ कॉल. कुणी ठरवून केलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, कशात मोजलं जात नाही. थेरपिस्टला विचारलं तर ती म्हणते, 'आम्ही टेली करत नाही', आणि बोलता बोलता तिचा फोन तीनदा वाजतो.

भाच्याची पहिली समोरासमोरची भेट पुढच्या हिवाळ्यात झाली. मॅडम मास्क लावून, बहीण मास्क लावून, भाचा मास्क चघळत. आईही आतच बसली. मॅडमनी पाण्याचा पेला उचलला, तोंडाजवळ धरला आणि वाट बघत थांबल्या. भाच्याने पेल्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, मग वळून आईच्या पिशवीची चेन उघडली, आपली बाटली काढली आणि पाणी प्यायला. मॅडमनी वही ओढली आणि तेही लिहून घेतलं.